डगची तिसरी गाडी

माझं नाशिकरोडला रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, ते मीच चालवते. हे आधीच सांगून टाकते. कारण ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेली माणसं जे सांगतात, समुद्र, कांगारू, स्वच्छ रस्ते, ते सगळं मीही पाहिलं, पण मला लिहायचंय ते एका पत्र्याच्या शेडमध्ये, एका गाडीच्या पोटाखाली पाहिलेलं. माझा हात शिवणकामातला नसता तर त्यातलं अर्धं मला समजलंही नसतं.

ते शेड ज्या गावात आहे त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांची ही हकिकत आहे ती माणसं अजून तिथेच राहतात.

टार्निट

माझा मुलगा अमोल मेलबर्नला सॉफ्टवेअरमध्ये आहे. विमानतळावर त्याने माझ्या हातातली बॅग घेतली आणि मी त्याच्या नखांकडे बघतच राहिले. नखांत काळं ग्रीस होतं. शाळेत असताना हा मुलगा दुकानात पाय ठेवायचा नाही. रेक्झीनच्या वासाने डोकं दुखतं म्हणायचा. सायकलची चेन पडली तर सायकल हाताने ढकलत घरी आणायचा.

निघायच्या आधी फोनवर म्हणाला होता, "आई, तुझी ती वाकडी सुई, रिंगा दाबायची पक्कड आणि खडू घेऊन ये." मला वाटलं, सोफा शिवायचा असेल. विमानतळावरच्या तपासणीत एका उंच बाईने माझी बॅग उघडली. डिंकाचे लाडू हुंगून परत ठेवले, पण ती वीतभर वाकडी सुई हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "फॉर सीट," आणि हवेत बसून दाखवलं. "नो वरीज, डार्ल," ती म्हणाली आणि सुई परत दिली.

अमोल राहतो त्या टार्निट उपनगरात घरं एकासारखी एक. रस्त्याकडे तोंड करून गॅरेजचं भलंमोठं दार, आणि माणसांचं दार बाजूला, लहानसं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकून दुसऱ्याच दाराशी जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा दार उघडणारी बाई आपल्याकडचीच निघाली, आणि एकीने आत बोलावून चहाही पाजला.

अमोलने रिमोट दाबला, गॅरेजचं दार वर गेलं, आणि आत ती गाडी. साठच्या दशकातली, अमेरिकेत बनलेली. दोनच दारं, मागचा भाग आखूड आणि पुढे इतकं लांब बोनेट की त्यावर एक माणूस आडवा झोपेल. गडद हिरवा रंग, त्यात आपलं तोंड दिसावं असा. आत मात्र एकही सीट नव्हती. नुसता पत्रा.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी. सहा वर्षं झाली घेऊन. मसल कार म्हणतात हिला, इंजिनच्या ताकदीवरून."

सहा वर्षं रोज व्हिडिओ कॉलवर बोलणारा मुलगा, आणि एवढं धूड घरात आहे हे मला ठाऊक नाही. मला रागही आला नाही, इतकी मी गार पडले होते. माझी सून रुपाली नर्स आहे, ती शिफ्टला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "आई, आमचं लग्न झालं तेव्हा ह्याला बल्ब बदलता येत नव्हता. आता शनिवार-रविवारी ह्याचे फक्त पाय दिसतात." नात ईशा अकरा वर्षांची. ती म्हणाली, "आजी, डॅड टॉक्स टू इट."

जेवल्यावर मी त्याला विचारलं, हे खूळ आलं कुठून. तो म्हणाला, "इथलं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. कुणी ओळखीचं नव्हतं. ऑफिसातल्या एकाने त्याच्या गॅरेजमध्ये बोलावलं आणि हातात पाना दिला. आई, दिवसभर मी जे काम करतो ते संध्याकाळी कुणाला दाखवता येत नाही. बोल्ट बसला की बसला. हात लावून बघता येतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या दुकानात मी कधी बसलो नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये खडू घेऊन बसले.

जुन्या सीटांचे सांगाडे त्याने जपून ठेवले होते. आपल्या रिक्षाच्या सीटमध्ये प्लायवूड आणि फोम, संपलं. ह्यांच्यात स्प्रिंगांचं जाळं, वर गोणपाट, वर कापसाचा थर. अकरा दिवस लागले. कडेचं पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल पट्टी, त्याने मला तीन वेळा उसवायला लावलं, जुन्या फोटोतल्यासारखं दिसत नाही म्हणून. गिऱ्हाईक म्हणून माझा मुलगा अतिशय कटकटी आहे.

मागची सीट बसवायच्या आधी गालिचा अंथरायचा होता. तो दाबत असताना माझ्या तळव्याला काहीतरी लागलं. मागच्या सीटच्या जरा पुढे, गाडीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक बारीक उंचवटा. कापडाखाली शिवण लागावी तसा.

"अमोल, इथे जोड आहे."

त्याने वाकून हात फिरवला. "कारखान्याचाच असेल. मी घेतली तेव्हा खालचा पत्रा झालेला होता. आतून डांबराचा जाड थर, खालून काळा लेप. गंज नव्हता म्हणून मी हात लावला नाही. गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे, असा तपासणीचा कागदही मिळालाय आपल्याला."

मी गालिचा तसाच पुढे दाबत गेले. गाड्यांचं त्याला जास्त कळतं, असं मला वाटलं.

शनिवार, विमेराच्या वाटेवर

मेलबर्नच्या पश्चिमेला साडेतीन तासांवर विमेरा नावाचा गव्हाचा मुलूख आहे. तिथल्या एका गावात दर वर्षी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. आम्ही दोघांनीच जायचं ठरवलं. गाडीची पहिली लांब फेरी. ती नीट पार पडली की पुढच्या आठवड्यात रुपाली आणि ईशाला मागे बसवून समुद्राकडे न्यायचं, असा अमोलचा बेत होता. ईशाने मागच्या सीटवरची उजवी बाजू आधीच आपल्या नावावर करून घेतली होती.

अशी जुनी गाडी तिथे रोज चालवता येत नाही. क्लबची एक वही असते. गाडी काढायच्या आधी त्यात तारीख लिहून सही करायची. अमोलने बोनेटवर वही ठेवून सही केली आणि इंजिन सुरू केलं. समोरच्या घरातलं कुत्रं आत पळालं. मला तो आवाज कानाने कमी आणि पोटात जास्त ऐकू आला.

रस्त्यावर मात्र मला मजा वाटली. ट्रकवाले हॉर्न देत होते. पेट्रोल पंपावर एक म्हातारा गृहस्थ आपली गाडी तशीच सोडून आमच्याकडे आला, खिडकीतून आत वाकला आणि सीटवरून हात फिरवत म्हणाला, "ही कुणी केली?" अमोलने माझ्याकडे बोट केलं. त्या माणसाने टोपी काढली. बावीस वर्षांत एकाही रिक्षावाल्याने माझ्यासाठी टोपी काढलेली नाही.

बॅलरॅटच्या पुढे झाडी विरळ झाली. कापणी होऊन गेलेली रानं, पिवळी, सपाट, मध्येच मेंढ्या, आणि डाव्या हाताला ग्रॅम्पियन्सचे निळसर डोंगर. इतकी जमीन आणि माणूस नाही. आमच्याकडे एवढ्या रानात चार गावं आणि सहा टपऱ्या असत्या.

एका गावात बेकरीपाशी थांबलो. मी थालीपीठ आणलं होतं, पण तिथली पिवळ्या कस्टर्डची चौकोनी वडी बघून राहवलं नाही. तिला व्हॅनिला स्लाइस म्हणतात. चावलं की सगळं कस्टर्ड बाजूने बाहेर येतं. माझ्या ओढणीवर आलं. ते पुसत मी गाडीत बसले, दार ओढलं, आणि दार लागेना.

"जोरात ओढ."

ओढलं. कडी कडीवर आपटली, पण बसेना. अमोल उतरून माझ्या बाजूला आला. दाराच्या वरच्या फटीत त्याने बोट घातलं, मग खालच्या फटीत.

"सकाळी हे दार एका बोटाने लागत होतं," तो म्हणाला. "ह्या फटी मी स्वतः जुळवल्यात. वर-खाली सारख्या होत्या. आता वर करंगळी जाते आणि खाली नखही जात नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे गाडी वाकतेय."

माझं दार दोरीने बांधून पुढचा तास आम्ही सायकलच्या वेगाने गेलो. मागून, वळणावर, टक् असा आवाज येत होता.

शेड

मोटेलच्या मालकिणीने दोरी बांधलेलं दार बघितलं आणि म्हणाली, "डगला दाखवा. आयुष्यभर पत्र्याचं काम केलंय त्याने. ह्या जत्रेत येणारी एकेक गाडी तो खालून बघतो. चाकं लावलेल्या फळीवर झोपतो आणि आत सरकतो. ह्या वयात. त्याला गाड्यांची पोटं बघायला आवडतात."

डग ऐंशीच्या घरात होता. उंच, पाठीत वाकलेला, आणि दोन्ही हातांना कंप. तिथे एवढ्या वयाच्या माणसालाही सगळे नुसतं नावाने हाक मारतात, म्हणून मीही तसंच लिहिते. त्याने दाराच्या फटी बघितल्या आणि आपल्या घरामागच्या शेडचा रस्ता दाखवला.

शेड आमच्या घरापेक्षा स्वच्छ होतं. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ काढलेली, तिथे तोच पाना. मधोमध गाडी उचलायची लिफ्ट. डगची बायको जोन बाहेर आली, माझा हात धरून म्हणाली, "गाड्यांचं बोलायला लागले की हे तीन तास थांबत नाहीत. मी चहाबरोबर खायला स्कोन भाजते." ती घरात गेली. मी शेडमध्येच थांबले, कारण मला अमोलला एकटं सोडायचं नव्हतं.

गाडी वर गेली. डग खाली उभा राहून बॅटरी फिरवत होता. खालून सगळं काळंच काळं, एकसारखा लेप. मला राहवेना. मी अमोलला म्हटलं, "त्यांना सांग, मागच्या सीटच्या पुढे आतून जोड लागतो."

अमोलने इंग्रजीत सांगितलं. डगने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "कुठून कुठपर्यंत?"

मी हातानेच दाखवलं, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याने बॅटरी अमोलच्या हातात दिली. गरम हवेचं यंत्र आणलं आणि पत्र्याची पट्टी घेऊन लेप खरवडायला लागला. यंत्र उजव्या हातात, पट्टी डाव्या. लेपाच्या सालपटी पडत होत्या. खाली आधी राखाडी लांबी निघाली, डेंटिंगवाले खड्डे बुजवायला भरतात ती. तिच्याखाली लोखंड.

आणि लोखंडात एक रेघ, अख्ख्या गाडीच्या रुंदीची.

ह्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते, अंग हीच चासी. ते अंग मधून कापलेलं होतं आणि परत जोडलेलं होतं. पुढचा अर्धा भाग एका गाडीचा, मागचा दुसरीचा. एका कडेला तो जोड उकलायला लागला होता. फटीतून वरच्या गालिच्याचा धागा दिसत होता. मी शिवलेल्या सीटच्या बरोबर खाली.

अमोल हात वर करून त्या फटीला लावायला गेला आणि मध्येच थांबला.

मी वेल्डिंगकडे बघत होते. आमच्या कामात टाके असतात तसे त्यातही असतात. एकापुढे एक, सारखे, पण सगळे एका बाजूला झुकलेले, उलट्या बाजूला. डावखुऱ्या माणसाची शिवण अशी पडते. आमच्या दुकानात एक बाई होती, तिची टीप मी कुठेही ओळखायचे.

मी डगकडे बघितलं. तो गाडीच्या कडेला, उंबरठ्यासारख्या पट्टीपाशी खरवडत होता. तिथून वेल्डिंगच्या चार टिकल्या निघाल्या, पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात. त्याने यंत्र बंद केलं. मागे सरकत सरकत एका पिंपावर बसला.

"हे मी केलंय," तो म्हणाला.

अमोलला वाटलं, त्याला अशी कामं माहीत आहेत एवढंच म्हणायचं असेल. "म्हणजे, तुम्ही अशी जोडणी आधी बघितली आहे?"

"नाही. हा जोड माझ्या हातचा आहे. त्या चार टिकल्या मीच मारायचो, माझी खूण म्हणून."

तेवढ्यात जोन ट्रे घेऊन दारात आली. डगने तिला पाहिलं. मला वाटलं तो थांबेल. पण तो थांबला नाही, आणि मान खाली घालून, सावकाश सगळं बोलला. मधलं मला कळलं नाही तिथे अमोलने नंतर सांगितलं.

लग्नाआधी तो शहरात एका यार्डात कामाला होता. अमेरिकेतून गाड्या यायच्या. त्यांचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणायचं काम तिथे चाले. काही गाड्या ठोकलेल्या असत. मालकाने एकदा सांगितलं, हिचा पुढचा भाग चांगला आहे, तिचा मागचा. एक करून टाक. त्याने केली. आपला जोड कुणाला ओळखू येत नाही ह्याचा त्याला अभिमान वाटला. मग दुसरी केली, मग तिसरी.

"पहिली वर्षभरात हायवेवर एका झाडाला आदळली आणि मधून फाटली," तो म्हणाला. "पुढे बसलेले दोघं वाचले. मागच्या सीटवर एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची. पेपरात फोटो आला. गाडीचे दोन तुकडे होते आणि कडेला माझ्या टिकल्या. लोक म्हणाले, वेग फार होता. मी यार्ड सोडलं आणि इकडे आलो."

"आणि बाकीच्या दोन?" अमोलने विचारलं.

"दुसरी मी वीस वर्षांनी शोधून काढली, विकत घेतली आणि भंगारात दाबून टाकली. तिसरी सापडत नव्हती. म्हणून मी दर वर्षी जत्रेत गाड्यांखाली झोपतो."

जोनने ट्रे बाकावर ठेवला, हळू, एकही कप न वाजवता. पन्नास वर्षांच्या वर संसार झालेला. मी तिच्याकडे बघू नये असं मला वाटत होतं, पण नजर हलेना.

"मला वाटायचं तुला गाड्या आवडतात," ती म्हणाली. आणि परत घरात गेली.

अमोल बाहेर निघून गेला होता. शेडमागच्या तारेच्या कुंपणाला धरून उभा होता. पलीकडच्या रानात गुलाबी पोटाचे पोपट उतरले होते, शेकड्यांनी, दाणे टिपत. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"पुढच्या आठवड्यात ईशा तिथे बसणार होती," तो म्हणाला.

"हो."

"सहा वर्षं मी रंग घासला, आई. इंजिन तीनदा खोललं. एकदाही खालचा लेप खरवडला नाही. का, माहितीये? खाली काही निघेल ह्याची भीती होती. कागद मिळाला, तेवढ्यावर सोडून दिलं."

"मलाही हाताला लागलं होतं. मीही सोडून दिलं."

तो रडला. मोठ्या माणसासारखा, आवाज न करता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचा बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता, की मीच तेव्हा बघितलं नव्हतं, आता आठवत नाही.

"पोलिसांना सांगायला हवं," थोड्या वेळाने तो म्हणाला.

आम्ही आत आलो तेव्हा डग फोनवर होता. त्यानेच पोलिसांना बोलावलं होतं.

रविवार, मैदानावर

गावात एकच पोलीस अधिकारी, पस्तिशीची एक बाई. ती आली, जोडाचे फोटो काढले, जबाब लिहून घेतला आणि गाडीच्या काचेवर कागद चिकटवला, ही चालवायची नाही म्हणून. ती डगला लहानपणापासून ओळखत होती. लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं.

डगने तिला विचारलं, चालवायची नाही, पण ट्रेलरवर ठेवून उद्या मैदानावर नेली तर चालेल का. ती अमोलकडे बघून म्हणाली, गाडी ह्यांची आहे, ह्यांना विचारा.

अमोलने काचेवरच्या कागदाकडे बघितलं. ह्या जत्रेसाठी त्याने सहा वर्षं खपून ती चमकवली होती. "न्या," तो शेवटी म्हणाला.

म्हणून रविवारी सकाळी गावाच्या मैदानावर सगळ्या गाड्या बोनेट उघडून ओळीने उभ्या होत्या, सॉसेजचा धूर येत होता, बँड वाजत होता, आणि एका टोकाला आमची हिरवी गाडी तिरक्या ट्रेलरवर, पोट लोकांकडे करून. लेप खरवडलेला. डग तिच्याशेजारी उभा. माणसं जवळ आली की तो सांगायचा, हा जोड मी केला, अशाच एका जोडाने एक मुलगी मेली, तुमची गाडी खालून तपासून घ्या. एवढंच. परत परत.

मी अशी गोष्ट आयुष्यात पाहिली नाही. आपल्याकडे माणूस चूक कबूल करतो ती घरात, दार लावून, फार तर देवासमोर. हा माणूस आपल्या गावात, आपल्या ओळखीच्यांसमोर भर उन्हात उभा होता.

लोकांचे चेहरे मला अजून दिसतात. पहिल्यांदा सगळे हसायचे, डग काहीतरी गंमत करतोय असं समजून. मग हसू तसंच अडकून राहायचं. चाळीस वर्षांपासूनचा त्याचा मित्र असलेल्या एका लठ्ठ गृहस्थाने सगळं ऐकून घेतलं आणि तो मैदानातून निघून गेला. एक तरुण बाई ओरडली, "आणि तू माझ्या नवऱ्याची गाडी दुरुस्त केलीस?" डग म्हणाला, "हो, ती नीट केली. पण तू तपासून घे."

काहीजणांनी मात्र खरंच आपल्या गाड्या आणल्या. अमोल फळीवर झोपून खाली सरकायचा, खरवडायचा आणि खालून सांगायचा. त्याचा पांढरा शर्ट, जत्रेसाठी घेतलेला, दुपारपर्यंत काळा झाला. एका निळ्या गाडीखाली त्याला गंजाने सडलेला पत्रा सापडला. तिचा मालक तिथेच गवतावर बसला.

जोन सकाळी आली नव्हती. दुपारी बाराच्या सुमारास ती मैदानाच्या फाटकातून घडीची खुर्ची घेऊन येताना दिसली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. डगपासून दहा पावलांवर तिने खुर्ची उघडली, त्याच्याकडे पाठ करून बसली, आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी तिच्याजवळ गवतावर बसले. माझ्या डब्यात थालीपीठ उरलं होतं. तिने अर्धं खाल्लं.

"माझी थोरली मुलगी एकोणीस वर्षांची झाली," ती मध्येच म्हणाली, "त्या वाढदिवसाला हा दिवसभर शेडमधून बाहेर आला नाही. मी तेव्हा ह्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते."

मी डब्यातलं उरलेलं अर्धंही तिच्यापुढे धरलं.

परतल्यावर

सोमवारी आम्ही बसने निघालो, मग ट्रेन, मग सनशाईन स्टेशनवर गाडी बदलून टार्निट. रुपाली शिफ्टवरून तशीच स्टेशनवर आली होती. अमोलने फोनवर सगळं सांगितलंच होतं. तिने त्याच्या शर्टाकडे बघितलं आणि गाडीचा दरवाजा उघडून दिला. घरी ईशाने विचारलं, "व्हेअर्ज द कार?" तर तो म्हणाला, "ती दोन गाड्या होती, बेटा." तिला समजेपर्यंत त्याने समजावलं, मराठीत.

महिन्याभराने मी परत आले. त्यानंतर पोलिसांनी गाडीचा सांगाडा मोकळा केला. अमोल विमेराला गेला आणि डगच्या शेडमध्ये त्याने ग्राइंडरने तो जोडावरच कापला. व्हिडिओ पाठवला होता. वीस मिनिटंही लागली नाहीत. इंजिन आणि इतर सामान त्याने घरी आणलंय. एका शेतकऱ्याकडे तसल्याच गाडीचा सांगाडा मिळालाय, गंजका, पण एकाच गाडीचा. ह्या वेळी त्याने सगळ्यात आधी खालचा लेप काढला. रुपाली बॅटरी धरते, असं ऐकते.

डगवर कायद्याने काही होईल की नाही, ते अजून ठरलेलं नाही. यार्डाचा मालक केव्हाच वारला. त्या मुलीचा धाकटा भाऊ हयात आहे, सत्तरीतला, मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

परवा जोनचा फोन आला. तिला माझं इंग्रजी कळतं, मला तिचं. ती म्हणाली, डग त्या भावाच्या घरी गेला होता. पहिल्यांदा गेला तेव्हा भावाने दार उघडलं नाही. दोन आठवड्यांनी परत गेला, तेव्हा उघडलं. आत घेतलं नाही. डग व्हरांड्यात उभ्यानेच सगळं बोलला. त्या माणसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, आता जा.

"आणि तू?" मी विचारलं. "तू कुठे होतीस?"

"बाहेर, गाडीत," जोन म्हणाली. "परत येताना मी चालवली. साडेचार तास. त्याला स्टिअरिंग धरता येत नव्हतं."